श्वेतबटू तारे, पनवेलची खाडी आणि प्रलयाचा प्रश्न

श्वेतबटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा मागे उरलेला गाभा. सूर्याएवढ्या ताऱ्याच्या पोटातला हायड्रोजन सरत आला की तो फुगून तांबडा राक्षसी तारा होतो, बाहेरचे वायूचे थर अवकाशात सोडून देतो आणि मधोमध पृथ्वीएवढ्या आकाराचा, मुख्यतः कार्बन आणि ऑक्सिजनचा अतिशय दाट गोळा राहतो. या गोळ्यात नवी ऊर्जा तयार होत नाही. साठलेली उष्णता अब्जावधी वर्षे बाहेर टाकत तो हळूहळू निवत जातो. आकाशगंगेतल्या शंभरातल्या सुमारे ९७ ताऱ्यांचा शेवट असाच होणार आहे, आणि सूर्यही त्यांतच मोडतो.

या ज्ञानातून एक जुना धार्मिक प्रश्न नव्या रूपात समोर येतो. सूर्याचा शेवट ठरलेला आहे आणि त्याच्याही खूप आधी पृथ्वीवरचे जीवन संपणार आहे, तर आज एखादी खाडी, एखादे जंगल, एखादी पक्ष्याची जात राखण्याला काय अर्थ उरतो? ‘सगळे नश्वरच आहे’ हे वाक्य कीर्तनातही ऐकू येते आणि टेकडी फोडण्याचे समर्थन करतानाही. दोन्हीकडे ते एकाच अर्थाने वापरता येते का, हे तपासण्यासाठी ताऱ्यांचे विज्ञान आणि प्रलयाची कल्पना ही दोन्ही नीट पाहावी लागतात. पनवेल हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे. सह्याद्रीच्या डोंगररांगा, खारफुटीची खाडी, कर्नाळ्याचे अभयारण्य, रासायनिक कारखाने, नवा विमानतळ आणि सूर्याचा पृथ्वीवर होणारा परिणाम मोजणारी संशोधन संस्था, हे सारे या एका तालुक्यात आहे.

श्वेतबटूंची ओळख व्याधाच्या ताऱ्यापासून झाली. १८४४ मध्ये जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांनी व्याधाच्या चालीतला किंचित हेलकावा पाहून त्याला एक न दिसणारा सोबती असावा, असे अनुमान काढले. १८६२ मध्ये अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क यांना नवी दुर्बीण तपासत असताना तो सोबती दिसला. त्याचे वस्तुमान सूर्याएवढे आणि आकार पृथ्वीपेक्षाही थोडा लहान, हे विसाव्या शतकात लक्षात आले, तेव्हा असा पदार्थ असू शकतो यावर कुणाचा विश्वास बसेना. १९२६ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ फाउलर यांनी पुंजभौतिकीच्या आधारे त्याचे उत्तर दिले: अतोनात दाबले गेलेले इलेक्ट्रॉन आणखी जवळ यायला नकार देतात आणि त्यांचा हा विरोधच ताऱ्याला तोलून धरतो.

३१ जुलै १९३० रोजी एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघाले. त्या प्रवासात त्यांनी फाउलर यांच्या गणितात सापेक्षता मिळवली, तेव्हा इलेक्ट्रॉनांच्या विरोधालाही मर्यादा असल्याचे निघाले. सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जड असलेला श्वेतबटू स्वतःचे वजन पेलू शकत नाही. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी या निष्कर्षाची जाहीर टर उडवली. निसर्ग ताऱ्याला असे कोसळू देणार नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणजे त्या सभेत गणिताइतकाच विश्व कसे असावे याविषयीचा विश्वासही बोलत होता. चंद्रशेखर यांना या कार्यासाठी १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

सूर्याचे वेळापत्रक आता बऱ्यापैकी माहीत आहे. त्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे आणि साधारण ५०० कोटी वर्षांनी तो राक्षसी अवस्थेकडे वळेल. त्याआधीच त्याची प्रखरता दर १०० कोटी वर्षांमागे दहा टक्क्यांच्या आसपास वाढते आहे. येत्या सुमारे १०० कोटी वर्षांत समुद्र आटतील आणि आज आपण ओळखतो ते जीवन संपेल. मागे राहणाऱ्या श्वेतबटूचे वस्तुमान आजच्या सूर्याच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक असेल. पृथ्वी तोवर गिळली गेलेली असेल की जळालेल्या खडकाच्या रूपात फिरत राहील, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. २०२४ मध्ये सुमारे ४,००० प्रकाशवर्षांवरच्या एका श्वेतबटूभोवती पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह असल्याचे जाहीर झाले, तेव्हा दुसरी शक्यताही खरी ठरू शकते हे दिसले.

आजची तापमानवाढ या गोष्टीशी जोडण्याची चूक अनेकदा होते. सूर्याच्या प्रखरतेतला हा बदल इतका संथ आहे की शेदोनशे वर्षांत त्याचा मागमूसही लागत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक काळापूर्वी दशलक्ष भागांत २८० होते, ते आता ४२० च्या वर गेले आहे. पृथ्वी तापते आहे ती त्यामुळे. एक बदल सूर्याचा आहे आणि दुसरा माणसाचा. या दोहोंची गल्लत झाली की माणसाची जबाबदारी सूर्याच्या खात्यावर जमा होते.

भारतीय परंपरेने विश्वाच्या अंताचा विचार फार तपशिलाने केला आहे. भागवताच्या बाराव्या स्कंधात प्रलयाचे चार प्रकार येतात. नित्य प्रलय क्षणोक्षणी चालू असतो; जीव जन्मतात, झिजतात, मरतात. नैमित्तिक प्रलय ब्रह्मदेवाचा दिवस सरल्यावर होतो, आणि हा दिवस म्हणजे कल्प ४३२ कोटी वर्षांचा. प्राकृतिक प्रलयात पंचमहाभूतेही आपल्या मुळात विरतात. आत्यंतिक प्रलय म्हणजे एका जीवाची मुक्ती. पुराणांतल्या वर्णनात सूर्य प्रखर होतो, पाऊस थांबतो, नद्या व समुद्र शोषले जातात. पाली साहित्यातल्या सात सूर्यांच्या सुत्तातही एकामागून एक सूर्य उगवतात, ओढे, महानद्या आणि शेवटी महासागर आटतात, मग मेरूपर्वतासह पृथ्वी पेटते. जैन परंपरेत अवसर्पिणीच्या, म्हणजे उतरत्या कालखंडाच्या, सहाव्या आऱ्यात माणसे बिळांत, गुहांत राहतात असे वर्णन आहे.

४३२ कोटी आणि सूर्याचे ४६० कोटी हे आकडे जवळ आहेत, म्हणून पुराणकारांना ताऱ्यांचे विज्ञान अवगत होते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो योगायोग आहे. कल्पाचा आकडा युगांच्या गुणाकारातून येतो, सूर्याचे वय उल्काश्मांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मोजणीतून. परंपरेचे मोठेपण अशा जुळवाजुळवीवर टेकवणे हा तिच्यावर अन्यायच आहे. तिचे खरे काम वेगळे आहे: माणसाला अतिशय लांबच्या काळाचा विचार करायला लावणे, आणि तो करूनही आजच्या दिवसाकडे पाठ न फिरवणे.

ज्ञानेश्वरी याचा सर्वांत जवळचा दाखला आहे. तिच्या आठव्या अध्यायात ब्रह्मदेवाच्या दिवस-रात्रीचे निरूपण आहे. दिवस उगवला की भूतमात्रे प्रकट होतात आणि रात्र झाली की विरून जातात. जगाच्या उत्पत्ती-लयाचा एवढा पट मांडणारा हाच ग्रंथ शेवटी पसायदानाशी येतो आणि भूतमात्रांत परस्पर मैत्री व्हावी, असे मागणे मागतो. या दोन स्थळांत ज्ञानेश्वरांना विरोध वाटला नाही. जे कल्पान्ती विरणार आहे त्याच्याचसाठी मैत्री मागितली आहे. वारकरी संप्रदायात भूतदयेला जे स्थान आहे ते या दृष्टीतूनच आले. म्हणून नश्वरतेचा उपदेश उचलायचा आणि भूतदया बाजूला ठेवायची, हा परंपरेचा अर्धाच पाठ होतो. वैराग्य माणसाने स्वतःच्या हव्यासाबाबत बाळगायचे असते; दुसऱ्या जिवाच्या घरट्याबाबत बाळगायचे नसते.

बौद्ध विचारात हा मुद्दा आणखी धारदार होतो. सात सूर्यांचे वर्णन करून बुद्ध सांगतात ते एवढेच की सर्व संस्कार, म्हणजे घडलेल्या सर्व गोष्टी, अनित्य आहेत, त्यांवर भिस्त ठेवू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अनित्यतेचा विचार एका वेगळ्याच दिशेने नेला आहे. वस्तू कायम आणि अपरिवर्तनीय असत्या तर एका प्रकारच्या जीवनातून दुसऱ्या प्रकारच्या जीवनाची उत्क्रांतीच थांबली असती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अनित्यता इथे शोकाचे कारण राहत नाही. जीवन शक्य होण्याची ती अट बनते. ताऱ्यांचे विज्ञान या प्रतिपादनाला जो पुरावा देते तो आश्चर्यकारक आहे.

सजीवांना लागणारा कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो. हेलियमची तीन अणुकेंद्रे एकत्र येऊन कार्बन बनण्यासाठी कार्बनच्या अणुकेंद्रात एक विशिष्ट ऊर्जापातळी असायलाच हवी, असे भाकीत ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये केले आणि प्रयोगात ती पातळी सापडली. श्वेतबटू होण्याच्या वाटेवरचे तारे हा कार्बन बाहेरच्या थरांबरोबर अवकाशात उधळतात. लोखंडाची कथा तर थेट श्वेतबटूचीच आहे. जोडताऱ्यातला श्वेतबटू कधी सोबत्याचे द्रव्य ओढून घेतो, कधी दुसऱ्या श्वेतबटूत मिसळतो आणि अखेर प्रचंड स्फोटाने नाहीसा होतो. आपल्या परिसरातल्या विश्वातले निम्मे किंवा त्याहूनही अधिक लोखंड अशा स्फोटांतून आले आहे. मँगनीजचाही मोठा वाटा तिथलाच.

पनवेलच्या पूर्वेला दिसणारा माथेरानचा डोंगर तिथल्या तांबड्या मातीसाठी प्रसिद्ध आहे. पावसात ती पायवाटांवरून वाहते, उन्हाळ्यात कपड्यांवर बसते. तिचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडांचा. याच डोंगरांत उगम पावलेली गाढी नदी पनवेलला वळसा घालून खाडीला मिळते. खाडीकाठच्या चिखलात तिवराची झाडे उभी असतात. भरतीचे खारे पाणी पिणारे हे झाड जास्तीचे मीठ पानावाटे बाहेर टाकते; उन्हात पान निरखले तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून जमिनीतून वर, पेन्सिलीएवढ्या जाडीची शेकडो श्वसनमुळे उभी राहतात आणि ओहोटीला त्यांच्यामध्ये निवट्या उड्या मारताना दिसतात. याच झाडाच्या हिरव्या पेशीत पाण्याचे विघटन करून ऑक्सिजन मोकळा करणारी यंत्रणा मँगनीजच्या चार अणूंवर चालते. तिवराच्या पानातले मँगनीज आणि ते पान हातात धरणाऱ्या माणसाच्या रक्तातले लोह, या दोहोंचाही मोठा भाग कधी काळी फुटलेल्या श्वेतबटूंचा आहे. तारे अमर असते तर यांतले काहीच नसते.

मराठी शास्त्रज्ञांत जयंत नारळीकर यांनी विज्ञान आणि दर्शन यांच्या सीमेवर प्रदीर्घ काम केले. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले नारळीकर हॉइल यांचे विद्यार्थी आणि सहकारी. विश्वाला एकच एक आरंभ मानावा लागत नाही, या बाजूने त्यांनी आयुष्यभर मांडणी केली. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. जीवसृष्टी पृथ्वीबाहेरूनही आली असेल का, हा प्रश्न मात्र त्यांनी प्रयोगाच्या कसोटीवर आणला. २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनांनी ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा गोळा केली. त्या हवेत सूक्ष्मजीव सापडले आणि २००९ मध्ये तीन नव्या जीवाणू जाती जाहीर झाल्या. पुण्याचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र या तपासणीत सहभागी होते. एका जातीला हॉइल यांचे नाव मिळाले, दुसरीला आर्यभटांचे. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे त्यातून सिद्ध होत नाही आणि तसा दावाही करण्यात आला नाही. परंतु ‘जीव कुठून आला’ हा दर्शनग्रंथांतला प्रश्न बलूनला बांधून वर पाठवता येतो, हे त्यांनी दाखवले.

तारा फुटला तरी द्रव्य टिकते, मग नाहीसे काय होते? याचे उत्तर पुन्हा श्वेतबटूंकडेच मिळते. श्वेतबटूचे गुरुत्वाकर्षण इतके तीव्र असते की हायड्रोजन-हेलियमहून जड मूलद्रव्ये लवकरच त्याच्या पृष्ठभागाखाली बुडायला हवीत. तरीही अनेक श्वेतबटूंच्या वर्णपटात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह यांच्या रेषा दिसतात. हा त्यांच्यावर कोसळलेल्या लघुग्रहांचा आणि ग्रहांच्या तुकड्यांचा चुरा आहे. २०१५ मध्ये तर एका श्वेतबटूभोवती असा खडकाळ पिंड फुटत असतानाच टिपला गेला. त्या चुऱ्यातून मूळ खडकाचे घटक सांगता येतात, त्यात लोखंड किती होते, पाणी होते का, याचाही अंदाज बांधता येतो. त्या जगावर नदी वाहत होती का, काठावर काही उगवत होते का, हे मात्र त्यातून कधीच कळणार नाही. मूलद्रव्यांची यादी शिल्लक राहते. त्यांची रचना गेली की गेली. जीव म्हणजे ती रचना. ‘द्रव्य अविनाशी आहे, मग शोक कशाचा’ हा युक्तिवाद म्हणूनच सजीवांच्या बाबतीत लागू पडत नाही.

पनवेल परिसरात गेल्या पन्नासेक वर्षांत ज्या गोष्टी गेल्या त्या अशाच रचना होत्या. १९७० मध्ये सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि खाडीकाठची भातखाचरे, मिठागरे, खाजणे यांच्या जागी नवी मुंबईच्या वसाहती उभ्या राहिल्या. कासाडी नदीत तळोज्याच्या कारखान्यांचे सांडपाणी मिसळत गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथली भटकी कुत्री रंगद्रव्यामुळे निळी झालेली दिसली, तेव्हा ही गोष्ट देशभर पोहोचली. खाडीत जाळे टाकणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांना ती त्याआधीच ठाऊक होती, कारण जिताडा, बोईट, चिंबोरी मिळेनाशी होणे हेच त्यांचे मोजमाप. सुमारे १,१६० हेक्टरांवरच्या नव्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी छाटण्यात आली, उलवे नदीचे पात्र वळवण्यात आले, गावे हलवण्यात आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळाची गरज होती हे मान्य केले तरी तिथे जे होते ते परत मिळणार नाही, ही नोंद पुसली जात नाही.

याउलट कर्नाळा. १९६८ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य आता बारा चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्याला चिकटून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पहिला पाऊस झाला की तिबोटी खंड्या इथे वीण घालायला येतो. चिमणीहून लहान, जांभळा-नारिंगी रंगाचा हा पक्षी ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या कडेत बोगद्यासारखे बीळ कोरतो आणि पिलांना पाली, बेडूक, लहान खेकडे आणून भरवतो. ओढ्याकाठच्या मातीची कड ढासळली किंवा सिमेंटने बांधली गेली, तर त्या वर्षीची वीण संपते. नित्य प्रलय म्हणतात तो असा हातभर रुंदीच्या जागेत घडतो.

बदल हा निसर्गाचाच धर्म आहे, मग माणसाने केलेल्या बदलात वेगळे काय, असा आक्षेप इथे येतो. तो हलका नाही. कर्नाळा किल्ल्याचा सुळका ज्या बेसाल्टचा आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या महापुरांतून बनला. डायनोसॉरांचा अंत झाला तो काळही हाच. त्यात मुख्य वाटा उल्काघाताचा मानला जातो, दख्खनच्या ज्वालामुखींचा किती यावर वाद आहे. म्हणजे या भूमीचा पायाच एका उलथापालथीतून घडला आहे. परंतु त्यानंतर सजीवसृष्टी पुन्हा बहरायला लाखो वर्षे लागली. आंबेडकर ज्या परिवर्तनाविषयी बोलतात ते एका रूपातून दुसरे रूप घडवणारे आहे, आणि त्याला पिढ्यान्‌पिढ्या वेळ लागतो. पाच-दहा वर्षांत सुरुंगाने उडवलेली टेकडी तेवढा वेळ कुणालाच देत नाही. बदल आणि उच्छेद यांत फरक पडतो तो वेगाने.

नवीन पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. ती मुंबईच्या ज्या कुलाबा वेधशाळेतून वाढली तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर, त्यांनी नोंदी बिघडू नयेत म्हणून, ते काम अलिबागला हलवायचे ठरले आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. तिथल्या वेधशाळेच्या इमारतीही लोखंड टाळून, पोरबंदरी दगडाने बांधल्या. सप्टेंबर १८५९ मधल्या सूर्यवादळाची कुलाब्याची नोंद इतकी मोलाची ठरली की २००३ मध्ये या संस्थेतल्या संशोधकांसह झालेल्या अभ्यासात त्या वादळाची तीव्रता तिच्याच आधारे ठरवण्यात आली. पृथ्वीच्या पोटातल्या वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहांतून हे क्षेत्र निर्माण होते आणि सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांपासून ते वातावरणाला आडोसा देते. २०२१ मधल्या एका अभ्यासानुसार सूर्य राक्षसी अवस्थेत जाईल तेव्हा त्याचे वारे हा आडोसा चिरडून टाकतील. त्यामुळे पुढे श्वेतबटूच्या उबेत एखादा ग्रह राहण्याजोगा झाला, तरी तिथले जीवन जुने उरलेले नसेल. त्याला नव्याने सुरुवात करावी लागेल.

या अभ्यासाला धार्मिक प्रश्नात वजन आहे. जीवन एकदा इथून गेले तर ते आपोआप परत येईल, पुढच्या कल्पात पुन्हा हेच प्रकट होईल, अशी खात्री विज्ञान देत नाही. पुराणांचे चक्र पुन्हा फिरते. सूर्याचे आयुष्य एकाच दिशेने जाते. चक्राकार काळ मानणाऱ्या भाविकाला भूतदया हे कर्तव्य आहेच. ज्याला काळ एकाच दिशेने जाणारा दिसतो, त्याच्यावर ती अधिकच येते, कारण त्याच्या हिशेबात दुसरा फेरा नाही.

भरपाईच्या वनीकरणाचा प्रश्नही याच कसोटीवर तपासावा लागतो. खाडीची तोंडे बंद करून मारलेल्या तिवरांच्या बदल्यात दुसरीकडे रोपे लावली जातात. भरती-ओहोटीचे पाणी पोहोचते अशा जागी काळजीने लावली तर ती तगतातही. पण गाळात शतकानुशतके साठलेला कार्बन, त्या गाळातली खेकड्यांची बिळे, माशांच्या पिलांचा आसरा हे रोपांच्या संख्येत मोजता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला, ती तोडण्यावर राज्यभर बंदी घातली आणि तिच्याभोवतीचा ५० मीटरांचा पट्टा राखण्यास सांगितले. सार्वजनिक हिताच्या कामासाठी न्यायालयाच्या परवानगीने सूट मिळू शकते, त्यामुळे प्रत्येक मोठ्या प्रकल्पापाशी तोच प्रश्न नव्याने उभा राहतो. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केला. पनवेलच्या खाडीकाठी उरलेल्या तिवरांचे भवितव्य आता उच्च न्यायालयाच्या निकालाच्या अंमलबजावणीवर आणि भरतीचे पाणी आत येऊ देणाऱ्या वाटा किती मोकळ्या राहतात यावर अवलंबून आहे.